लघुउद्योगांची सायबर सुरक्षा : कुलूप नेमके कोठे लावायचे?

जपानमधील टोयोटा सिटी येथील कोजिमा इंडस्ट्रीज ही कंपनी मोटारींसाठी प्लास्टिकचे सुटे भाग बनवते. २६ फेब्रुवारी २०२२ रोजी, शनिवारी रात्री, तिच्या एका सर्व्हरमध्ये बिघाड झाल्याचे कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला तेव्हा पडद्यावर धमकीचा संदेश झळकला. विषाणू आणखी पसरू नये म्हणून कंपनीने आपली संगणक यंत्रणा बाहेरच्या जगापासून तोडली. साहजिकच, टोयोटाला कोणते भाग, किती आणि केव्हा हवेत, याची देवाणघेवाणही थांबली. परिणामी, १ मार्च रोजी टोयोटाला जपानमधील आपल्या १४ कारखान्यांतील सर्व २८ उत्पादन साखळ्या बंद ठेवाव्या लागल्या. एका दिवसात सुमारे १३ हजार मोटारींचे उत्पादन लांबले. हल्लेखोर टोयोटाच्या दारातून आले नव्हते. कोजिमाच्याही मुख्य दारातून ते आले नव्हते. कोजिमाच्या एका उपकंपनीने बाहेरच्या एका कंपनीशी संपर्क ठेवण्यासाठी बसवलेल्या दूरसंपर्क उपकरणातील त्रुटी त्यांना पुरेशी ठरली.

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर-अंबड किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील कोणत्याही सुट्या भागांच्या कारखानदाराला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. मोठ्या मोटार कंपनीच्या संगणकावरून मागणी येते, त्यानुसार माल रवाना होतो, आणि साठा ठेवण्याची चैन कोणालाच परवडत नाही. या साखळीचा फटका उलट दिशेनेही बसतो. टाटा मोटर्सच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हर कंपनीवर २०२५ च्या ऑगस्टअखेरीस सायबर हल्ला झाला आणि तिचे उत्पादन सुमारे पाच आठवडे ठप्प झाले. तेव्हा ब्रिटनमधील तिच्या शेकडो लहान पुरवठादारांचे हाल झाले, आणि अखेर ब्रिटिश सरकारला दीड अब्ज पौंडांच्या कर्जाची हमी द्यावी लागली.

अशा बातम्या वाचल्यावर लघुउद्योजकाची पहिली प्रतिक्रिया बहुधा ठरलेली असते. एक तर 'आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय?' किंवा 'चांगला अँटिव्हायरस घेतलेला आहे.' ही दोन्ही उत्तरे धोकादायक आहेत, आणि त्यातही पहिले अधिक.

लहान म्हणून सुरक्षित?

सायबर हल्लेखोर एकेक कंपनी निवडून तिच्यामागे लागतो, हे चित्र चित्रपटांनी दिलेले आहे. प्रत्यक्षात बहुतेक हल्ल्यांची सुरुवात यंत्राकडून होते. इंटरनेटवर उघड्या असलेल्या दारांचा शोध घेणारे प्रोग्राम अहोरात्र चालू असतात. दार कोणाचे आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसते, ते उघडे आहे की नाही एवढेच पाहिले जाते. घरी बसून कारखान्यातली 'टॅली' पाहता यावी म्हणून संगणकावर 'रिमोट डेस्कटॉप' सुरू करून दिलेला असतो, त्याचा परवलीचा शब्द कंपनीचे नाव आणि पुढे १२३ असा असतो. असा संगणक शोधून काढायला कोणा प्रतिभावान हॅकरची आवश्यकता नाही.

चोरण्यासारखे काही नसले तरी अडवून ठेवण्यासारखे प्रत्येकाकडे असते. खंडणीखोर सॉफ्टवेअर, ज्याला 'रॅन्समवेअर' म्हणतात, ते मालकाच्याच फायली मालकाला उघडता येणार नाहीत अशा कुलूपबंद करते आणि किल्लीसाठी पैसे मागते. आपली देयके, ग्राहकांची येणी, यंत्रभागांची रेखाचित्रे यांची किंमत चोराच्या दृष्टीने शून्य असेल, परंतु मालकाच्या दृष्टीने ती पूर्ण व्यवसायाएवढी असते, आणि खंडणी त्या हिशेबाने ठरते. अलीकडे तर कुलूप लावण्याआधी माहितीची प्रत पळवून नेण्याची आणि 'पैसे द्या, नाहीतर ती जाहीर करू' असे धमकावण्याची रीत पडली आहे.

ब्रिटनमधील केएनपी लॉजिस्टिक्स या मालवाहतूक कंपनीचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते आणि ते योग्यच आहे. १८६५ पासून चालत आलेला हा व्यवसाय, सुमारे ५०० मालमोटारी, सातशेच्या वर कर्मचारी. जून २०२३ मध्ये हल्लेखोर आत शिरले. एका कर्मचाऱ्याचा कमकुवत परवलीचा शब्द ओळखून त्यांनी प्रवेश मिळवला, असे मानले जाते. कंपनीकडे सायबर विमा होता. संगणक यंत्रणा उद्योगातील प्रचलित मानकांप्रमाणे असल्याचे तिचे म्हणणे होते. तरीही हिशेबाची माहिती परत मिळाली नाही आणि सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दीडशे वर्षांत दोन महायुद्धे पचवलेला व्यवसाय तीन महिन्यांत संपला.

आपल्याकडेही 'दुसऱ्याच्या दारातून' येणाऱ्या संकटाचा अनुभव आहे. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना संगणक सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. राष्ट्रीय देयक महामंडळाने (एनपीसीआय) तिचा संपर्क तात्पुरता तोडला. त्यामुळे देशातील सुमारे ३०० लहान सहकारी व ग्रामीण बँकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार खोळंबले. त्या बँकांनी स्वतः कोणतीही चूक केलेली नव्हती. आपले संगणक सांभाळणारा, आपले संकेतस्थळ चालवणारा, आपल्या हिशेबाचे सॉफ्टवेअर दुरुस्त करणारा कोण आहे आणि त्याच्या हाती आपल्या किती किल्ल्या आहेत, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

आधी यादी, मग खरेदी

मोठ्या कंपनीकडे सुरक्षेसाठी स्वतंत्र विभाग असतो. लघुउद्योगात संगणकाची जबाबदारी बहुधा हिशेबनीसाकडे, नाहीतर 'संगणकाचे कळते' अशा एखाद्या भाच्याकडे असते. भारत सरकारच्या १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार १०० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असणारा उद्योग 'लघु' आणि ५०० कोटींपर्यंतचा 'मध्यम' गणला जातो. मात्र ५० कोटींच्या उलाढालीचे व्यवहारही एकाच संगणकावरून, एकाच माणसाच्या हातून होत असल्याचे चित्र औद्योगिक वसाहतींत दुर्मीळ नाही. अशा ठिकाणी सर्व गोष्टींचे सारखेच रक्षण करणे अशक्य असते. म्हणून धोरणाचा अर्थ येथे फार साधा आहे. काय गेले तर धंदा थांबेल हे आधी ठरवणे, आणि कुलूप तेथे लावणे.

त्यासाठी एक दुपार आणि एक कोरा कागद पुरतो. कारखान्यातील संगणक, लॅपटॉप, राउटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हजेरीचे यंत्र, सीएनसी यंत्रांना जोडलेले संगणक, बँकेची खाती, ई-मेल, जीएसटी आणि आयकराची लॉगिने, संकेतस्थळाचे नाव ज्याच्याकडे नोंदवले तो पुरवठादार, हे सारे लिहून काढावे. प्रत्येकासमोर दोन प्रश्न. हे कोणाच्या हाती आहे? आणि हे उद्या सकाळी बंद असेल तर किती तासांत नुकसान सुरू होईल? या यादीतून मालकांना पहिला धक्का बसतो तो बहुधा संकेतस्थळाच्या नावाचा. ते आठ-दहा वर्षांपूर्वी कोण्या डिझायनरने स्वतःच्या खात्यावर नोंदवलेले असते, आणि कंपनीचा सर्व पत्रव्यवहार ज्या ई-मेलवरून चालतो त्याची खरी किल्ली त्याच्याकडे असते.

ही यादी होण्यापूर्वी विकत घेतलेली कोणतीही सुरक्षा प्रणाली म्हणजे घराचा नकाशा न पाहता विकत घेतलेले लोखंडी दार होय. विक्रेते अर्थातच हे सांगत नाहीत.

पैशाची वाट

लघुउद्योगाचे पैसे ज्या वाटेने जातात, तेथेच सर्वाधिक लूट होते. तीसाठी संगणक फोडण्याचीही गरज भासत नाही. ही पद्धत समजून घेणे आवश्यक आहे, कारण ती ओळखता येते.

समजा, एक कारखानदार तैवानमधून यंत्र मागवतो आहे. महिनाभर ई-मेलवर बोलणी चालतात. या दोघांपैकी एकाची मेलपेटी चोराने आधीच उघडलेली असते. कोणी बनावट लॉगिन पानावर परवलीचा शब्द दिलेला असतो, एवढेच. चोर काहीही करत नाही, फक्त वाचत राहतो. मेलपेटीत तो एक नियम लावून ठेवतो, ज्यायोगे 'इन्व्हॉइस' किंवा 'पेमेंट' हा शब्द असलेले प्रत्येक पत्र त्याच्याकडेही जावे. आगाऊ रक्कम भरण्याचा दिवस येतो, तेव्हा पुरवठादाराच्याच भाषेत, त्याच्याच स्वाक्षरीसह, योग्य रकमेचे पत्र येते : 'आमच्या बँकेत लेखापरीक्षण सुरू आहे, कृपया या वेळी रक्कम सोबतच्या खात्यात पाठवावी.' पत्ता जवळजवळ बरोबर असतो. इंग्रजी 'आर' आणि 'एन' ही लहान लिपीतील अक्षरे शेजारी ठेवली की 'एम'सारखी दिसतात, हे एवढे निरीक्षण लाखो रुपये लुबाडायला पुरते. पैसे जातात. पंधरा दिवसांनी खरा पुरवठादार विचारतो, 'रक्कम अद्याप का आली नाही?'

अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेकडे २०२३ या एका वर्षात अशा 'व्यावसायिक ई-मेल' फसवणुकीच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांतील नुकसान २९० कोटी डॉलरच्या आसपास होते. खंडणीच्या हल्ल्यांचा गाजावाजा अधिक होतो, पण पैसे या शांत मार्गानेच अधिक जातात.

या फसवणुकीची देशी आवृत्ती व्हॉट्सअॅपवर चालते. मालकाचे छायाचित्र लावलेल्या अनोळखी क्रमांकावरून हिशेब विभागाला संदेश येतो, 'मी बैठकीत आहे, फोन करू नका, या खात्यावर ताबडतोब रक्कम पाठवा.' सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटसारख्या बलाढ्य संस्थेकडून अशाच बनावट संदेशांच्या आधारे १ कोटी १ लाख रुपये उकळण्यात आले होते. मालकाची आज्ञा तत्परतेने पाळणे हा आपल्याकडे कर्मचाऱ्याचा गुण मानला जातो, चोर नेमका त्याचाच उपयोग करतो. आता तर आवाज आणि चेहराही पुरावा राहिलेला नाही. २०२४ च्या आरंभी अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँगमधील कर्मचाऱ्याने वरिष्ठांचे चेहरे दिसणाऱ्या व्हिडिओ बैठकीनंतर सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. त्या बैठकीतील वरिष्ठ संगणकाने तयार केलेले होते.

यावरचा उपाय फुकट आहे. बँक खाते बदलल्याची कोणतीही सूचना, ती कोणाकडूनही आणि कोणत्याही मार्गाने आलेली असो, फोन करून पडताळल्याशिवाय अमलात आणायची नाही. आणि तो फोन त्या पत्रात दिलेल्या क्रमांकावर करायचा नाही, आपल्या जुन्या नोंदीतील क्रमांकावर करायचा. दुसरे म्हणजे, ठरावीक रकमेच्या वरचा प्रत्येक व्यवहार एकाने भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा. बँका याला 'मेकर-चेकर' म्हणतात आणि उद्योगांच्या नेटबँकिंग खात्यांत ती सोय असते. मात्र अनेक ठिकाणी दोघांचेही लॉगिन एकाच माणसाकडे असते आणि दोन्ही ओटीपी एकाच मोबाइलवर येतात. मग त्या सोयीला काही अर्थ उरत नाही.

दुसऱ्या नजरेचे महत्त्व पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वांनी पाहिले. ऑगस्ट २०१८ मध्ये या बँकेवरील हल्ल्यात एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. एटीएमकडून येणारी विचारणा बँकेच्या मूळ हिशेबापर्यंत पोहोचूच नये अशी व्यवस्था हल्लेखोरांनी केली होती. मध्येच बसवलेली खोटी यंत्रणा प्रत्येक मागणीला परस्पर होकार देत होती, आणि ११ ऑगस्ट रोजी २८ देशांतून पैसे काढले जात होते. होकार देणारा आणि हिशेब ठेवणारा यांच्यातला दुवा तुटला की काय होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नसेल. बँकेच्या जागी आपले हिशेब खाते कल्पून पाहावे.

देशांतर्गत व्यवहारांपुरती एक चांगली सोय आता उपलब्ध झाली आहे. पूर्वी एनईएफटी किंवा आरटीजीएसने रक्कम पाठवताना केवळ खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड पाहिला जाई, लाभार्थीचे नाव काहीही लिहिले तरी रक्कम जमा होत असे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार एप्रिल २०२५ पासून रक्कम पाठवण्यापूर्वी त्या खात्याच्या धारकाचे नाव पाहण्याची सोय बँकांना द्यावी लागते. ते नाव वाचण्याची सवय हिशेबनीसाला लावली पाहिजे. परदेशी पाठवायच्या रकमांना मात्र तिचा उपयोग नाही, तेथे फोनच करावा लागतो.

किल्ल्या कोणाकडे?

'गणपती' आणि पुढे १२३, मुलीचे नाव आणि जन्मवर्ष, गाडीचा क्रमांक. आपल्याकडील परवलीच्या शब्दांचे हे तीन मुख्य प्रकार. दर महिन्याला शब्द बदलण्याची सक्ती केली की लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात, म्हणून अमेरिकेच्या 'एनआयएसटी' या मानक संस्थेने २०१७ मध्येच अशी ठरावीक मुदतीची सक्ती करू नये असे सांगितले. शब्द लांब असावा, तो दुसरीकडे कोठेही वापरलेला नसावा आणि फुटल्याची शंका येताच बदलावा, हे पुरेसे आहे. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले चार-पाच असंबद्ध मराठी शब्द एकापुढे एक ठेवले तरी चांगला परवलीचा शब्द तयार होतो, आणि तो लक्षातही राहतो.

याहून मोठी गोष्ट म्हणजे दुसरी पडताळणी. ई-मेल, बँक आणि बाहेरून कारखान्यात येण्याचे प्रत्येक दार यांना मोबाइलवरील ॲपमधून येणारा क्षणिक क्रमांक किंवा स्वतंत्र सुरक्षा-किल्ली अनिवार्य करावी. एसएमएसने येणारा ओटीपी त्या तुलनेत कच्चा आहे, कारण सिमकार्डच दुसऱ्याच्या नावे निघू शकते. तरीही काहीच नसण्यापेक्षा तो बरा. सर्वांत आधी ई-मेलला ही पडताळणी लावावी. कारण इतर प्रत्येक ठिकाणचा 'परवलीचा शब्द विसरलात?' हा दुवा शेवटी मेलपेटीतच येतो.

डिजिटल स्वाक्षरीबद्दलचा आपला निष्काळजीपणा तर आश्चर्यकारक आहे. पेनड्राइव्हसारखे दिसणारे ते टोकन म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मालकाची सही होय. कोऱ्या धनादेशावर सही करून तो कोणाच्या टेबलाच्या खणात कोणी ठेवणार नाही, परंतु हे टोकन, त्याचा पिन चिकटपट्टीवर लिहून, वर्षभर सल्लागाराच्या कार्यालयात ठेवलेले असते. सल्लागार प्रामाणिक असतो, प्रश्न त्याच्या कार्यालयात येणाऱ्या-जाणाऱ्यांचा आहे. विवरणपत्र भरण्याच्या दिवशी टोकन न्यावे आणि परत आणावे. गैरसोय होते, यात वाद नाही.

नोकरी सोडून जाणाऱ्याचे लॉगिन त्याच दिवशी बंद झाले पाहिजे. त्याच्याकडून ओळखपत्र आणि कपाटाच्या किल्ल्या मागून घेतल्या जातात, पण कंपनीच्या मेलपेटीचा शब्द त्याच्या मोबाइलमध्ये तसाच राहतो.

जुनी यंत्रे, उघडी दारे

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगभरातील लाखो संगणक बंद पाडले. ज्या त्रुटीतून तो शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' आला आणि मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले, कंटेनरच्या रांगा लागल्या. संगणकाने मागितलेली दुरुस्ती 'नंतर' म्हणून ढकलण्याची किंमत एवढी असू शकते. चोरून मिळवलेल्या सॉफ्टवेअरला तर दुरुस्ती मिळण्याची खात्रीही नसते. शिवाय ते फुकट वापरता यावे म्हणून जी 'क्रॅक' फाइल चालवावी लागते, तिच्यातूनच अनेकदा विषाणू येतो. परवान्याचे पैसे वाचवण्याचा हा मार्ग फार महाग पडतो.

विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यावर चालणारे कार्यालयीन संगणक बदलावेत किंवा वाढीव मुदतीची सशुल्क सोय घ्यावी. खरी अडचण यंत्रशाळेत आहे. लाखो रुपयांच्या सीएनसी यंत्राचा नियंत्रक विंडोज एक्सपीवर चालत असतो, त्याचा आधार एप्रिल २०१४ मध्येच संपला, आणि संगणक जुना झाला म्हणून कोणी यंत्र भंगारात काढत नाही. काढूही नये. त्याला इंटरनेटपासून आणि कार्यालयाच्या जाळ्यापासून वेगळे करावे, प्रोग्राम नेण्यासाठी एकच तपासलेला पेनड्राइव्ह ठेवावा आणि तो घरी नेण्यास मनाई करावी.

सीसीटीव्ही आणि वाय-फायचीही अशीच वेगळी सोय हवी. २०१६ मधील 'मिराय' या विषाणूने कॅमेरे आणि राउटर यांचे कारखान्यातून येणारे मूळ परवलीचे शब्द वापरूनच प्रचंड फौज उभी केली होती. बाहेरून आलेल्या पाहुण्याला द्यायचे वाय-फाय आणि हिशेबाच्या संगणकाचे वाय-फाय एक असू नये. बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट' जाळ्याची सोय असते, ती फक्त सुरू करावी लागते.

अँटिव्हायरस हवाच. ब्रिटिश सरकारने २०१४ मध्ये लहान उद्योगांना समोर ठेवून 'सायबर इसेन्शियल्स' ही योजना आखली, तिच्यातील पाच उपायांपैकी तो एक आहे. उरलेले चार म्हणजे फायरवॉल, यंत्रणेची सुरक्षित मांडणी, वेळेवर दुरुस्त्या आणि प्रवेशावर नियंत्रण. पाचांपैकी एक विकत घेऊन निश्चिंत होण्याची आपली सवय आहे.

परत उभे राहण्याची तयारी

एवढे करूनही हल्ला होऊ शकतो. तेव्हा उद्योग वाचतो तो बॅकअपमुळे. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या जागी, हा '३-२-१' नियम प्रसिद्ध आहे. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी छायाचित्रे जपण्यासाठी तो मांडला आणि संगणक क्षेत्राने उचलला. त्यात आज एक भर घालावी लागते : निदान एक प्रत कोणत्याही संगणकाला जोडलेली नसावी. हिशेबाच्या संगणकाला कायम लावून ठेवलेली बाह्य डिस्क हा बॅकअप नव्हे. खंडणीखोर सॉफ्टवेअर तिलाही कुलूप लावते, किंबहुना आधी तिलाच शोधते. क्लाउडवर आपोआप जुळणाऱ्या फोल्डरचेही तसेच. येथे बिघडलेली फाइल काही मिनिटांत तेथेही बिघडते, म्हणून जुन्या आवृत्त्या जपणारी सेवा आहे का, हे पाहून घ्यावे.

दोन डिस्क घ्याव्यात आणि त्या आठवड्याआड बदलाव्यात. एक कारखान्यात, दुसरी मालकाच्या घरच्या कपाटात. आणि तीन महिन्यांतून एकदा त्यातील माहिती एखाद्या रिकाम्या संगणकावर उतरवून, 'टॅली' उघडून, कालचा ताळेबंद दिसतो का ते पाहावे. हे शेवटचे काम जवळजवळ कोणीच करत नाही. बॅकअप घेतला जातो आहे असा संदेश वर्षभर दिसत राहतो, आणि गरज पडते त्या दिवशी डिस्कवर रिकामे फोल्डर सापडतात.

कायद्याची बाजू

सायबर हल्ला झाल्यास तो लपवण्याकडे उद्योजकांचा कल असतो, ग्राहक बिथरतील अशी भीती त्यामागे असते. तथापि 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारचे हल्ले लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे, आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. लघुउद्योगांना त्यातून सूट नाही, त्यांना तेव्हा केवळ तयारीसाठी सप्टेंबर २०२२ पर्यंत जादा मुदत मिळाली होती.

वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदाही आता दारात आला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. माहितीच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. एवढा दंड लघुउद्योगाला होईल असे नाही, पण कामगारांच्या आधार आणि पॅनकार्डांच्या प्रती, त्यांची बँक खाती, ग्राहकांचे पत्ते हे सारे त्या कक्षेत येते. गरज संपलेल्या प्रती नष्ट करणे हा सर्वांत स्वस्त बचाव. जे जवळ नाही, ते चोरीला जात नाही.

पहिला तास

कोजिमात शनिवारची रात्र होती. कॉसमॉसमध्येही शनिवारच होता. वॉनाक्राय शुक्रवारी आला. सुटीच्या तोंडावर हल्ले होतात हा योगायोग नाही, कारण पडद्याकडे पाहणारा कोणी नसतो. भोसरी-पिंपरीच्या वसाहतींत गुरुवारी सुटी असते, तेथे बुधवारची संध्याकाळ तशीच समजावी.

खंडणीचा संदेश दिसताच त्या संगणकाची नेटवर्क वायर काढावी, वाय-फाय बंद करावे, पण संगणक फॉरमॅट करू नये. घाईने 'सगळे पुसून नवे टाकून देतो' म्हणणाऱ्या दुरुस्तीवाल्याला थांबवावे. पुरावा जातोच, शिवाय काही जुन्या प्रकारांच्या किल्ल्या फुकट उपलब्ध असतात. युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर आधी शोध घ्यावा. खंडणी देऊ नये, असे आमचे मत आहे. दिल्यावर किल्ली मिळेलच याची हमी नसते आणि 'हा देतो' अशी नोंद मात्र होते.

पैसे गेले असतील तर वेळेचा हिशेब वेगळा असतो. प्रथम बँकेला कळवावे आणि लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात उड्या मारत असतात, ते वाटेतच गोठवण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते. पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार लिहिण्याचे काम नंतरही करता येते. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही ती नोंदवता येते.

हे क्रमांक, बँकेच्या शाखा व्यवस्थापकाचा आणि संगणक दुरुस्तीवाल्याचा मोबाइल, विमा असल्यास पॉलिसीचा क्रमांक, आणि मालक परगावी असल्यास निर्णय कोणी घ्यायचा त्याचे नाव एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कार्यालयातील मेन स्विचशेजारी लावावे. संगणकात जतन करून ठेवलेली यादी त्या दिवशी उघडणार नाही. रात्रपाळीच्या पर्यवेक्षकाला आणि पहारेकऱ्यालाही तो कागद दाखवून ठेवावा.